उसण नव्हती ती

मी पायाळू आहे. जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आले. त्यामुळे पाटी-पेन्सिल हातात यायच्या आधीच मला एक काम चिकटलं, लोकांच्या कंबरेला पाय लावायचं.

माझ्या माहेरी, मुठ्याकडे, कुणाच्या पाठीत उसण भरली की तो पायाळूचं दार गाठतो. उसण म्हणजे ती एकाएकी येणारी कळ. माणूस काहीतरी उचलायला वाकतो आणि तसाच अडकतो, ना धड उभा ना धड बसलेला. पायाळूनं सकाळी चहापाण्याच्या आधी डावा पाय तीनदा लावला की ती निघते, अशी समजूत. आई मला झोपेतून ओढून काढायची. ओसरीवर कुणीतरी पालथं पडलेलं असायचं. मी डोळे चोळत पाय ठेवायची आणि परत गोधडीत शिरायची. पण त्याआधी एक राहायचं. पडलेलं माणूस वयानं मोठं असेल, आणि बहुतेक असायचंच, तर लगेच वाकून त्याच्या पाया पडायचं. आधी लाथ, मग नमस्कार. शाळेतल्या पोरी त्यावरून मला इतकं पिडायच्या की विचारू नका.

उसण खरंच माझ्या पायानं जायची का, हे मला आजही कुणी विचारतं. अहो, मला काय ठाऊक! मोठी झाल्यावर एवढं कळलं, की बहुतेक उसण चार-आठ दिवसांत आपली आपण जाते. लोक यायचे ते विटेचा शेक, निरगुडीचा पाला, तेल, सगळं करून झाल्यावर. म्हणजे ती निघायच्या बेतात असताना. नाव माझ्या पायाचं व्हायचं. पण एवढ्या पाठी पायाखालून गेल्यावर माणसाला थोडं शहाणपण येतंच. मी प्रत्येकाला विचारायची, काय करताना भरली? उत्तर ठरलेलं. ओझ्यापासून लांब उभं राहून, गुडघे ताठ ठेवून, नुसतं कंबरेतून वाकून उचललं. नाहीतर दिवसभर एका जागी बूड टेकून बसले आणि एकदम उठले.

अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन मी नेऱ्याला आले. सासरे आधीच गेलेले. घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, त्यांची दोन लेकरं, आणि माझे मालक. मालक कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, सकाळी अंधारात जायचे. हिंजवडीला कंपन्या यायला लागल्या तशी आम्ही गोठ्याच्या जागी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. लातूर, अमरावती, नांदेड, कुठकुठली पोरं आली. सगळी कॉम्प्युटरवाली, सगळ्यांची मान आखडलेली. त्यांना आत्याबाईंनी कौतुकानं सांगून ठेवलं होतं की आमची धाकली पायाळू हाय. पोरं हसायची, पण कंबर धरली की गुपचूप येऊन पालथी पडायची. मी पाय लावायची आणि म्हणायची, बाळांनो, तासाला एकदा उठा, दोन फेऱ्या मारा, गादी फेकून द्या ती मध्ये खड्डा पडलेली. ती नुसती मान डोलवायची.

जाऊबाईंना मी आक्का म्हणायची. आक्का म्हणजे घरातला धडधाकट गडी. चारचौघींचं काम एकटीनं उरकायच्या आणि वर कुणी ‘दमलात का’ म्हटलं तर चिडायच्या. मला त्यांचा धाक होता आणि जीवही होता, दोन्ही. पण आमचं जमायचं त्यापेक्षा बिनसायचं जास्त.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर वरच्या मजल्यावर आणखी खोल्या काढायला घेतल्या. सिमेंटची पोती रस्त्यावर उतरवलेली, ती आत आणायची होती. गवंडी चहाला गेलेले. आक्कांनी कमरेला पदर खोचला आणि वाकून पोत्याला हात घातला. वाकल्या त्या अगदी त्याच रीतीनं, पाय ताठ, पोतं हातभर लांब. माझं तोंड काही गप्प बसत नाही. मी म्हटलं, आक्का, तसं नका, गुडघ्यात बसा, पोतं पोटाशी धरा आणि मग उठा, आणि खरं तर दोघींनी मिळून धरू. नेमके तेवढ्यात गवंडी परत आले आणि ऐकून हसले. आक्कांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी पोतं तसंच उचललं, खांद्यावर घेतलं, आत नेऊन टाकलं, आणि परत येऊन सगळ्यांच्या देखत मला म्हणाल्या, "काल आलेली मला वाकाया शिकवतीय." लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती तरी मी कालचीच. मी पण तणतणत आत निघून गेले. तेव्हापासून अबोला.

अबोला आमच्या घरात काही नवा नव्हता. भाकरी एक थापायची, दुसरी भाजायची, आणि तोंडातून शब्द नाही. काही लागलं तर मधे आत्याबाई.

दोन-तीन दिवसांनी आक्कांची कंबर धरली. आत्याबाई मला बोलवायला आल्या. मी गेले, आक्का माजघरात पालथ्या पडलेल्या, तोंड भिंतीकडे. मी न बोलता पाय लावला, न बोलता पाया पडले, निघून आले. आक्का दुपारी परत कामाला. भांडी घासताना मी चोरून बघत होते, डावा पाय जरा ओढतायत. विचारावं वाटलं. पण मी कशाला आधी तोंड उघडू?

पुढच्या दोन दिवसांत कळ कंबरेतून खाली मांडीत उतरली. आत्याबाईंनी वीट तापवून शेकलं, रुईची पानं बांधली. आक्का कण्हत नव्हत्या, आणि त्याचंच मला भ्या वाटत होतं, कारण एरवी काही दुखलं की त्या शिव्या द्यायच्या. मग एका सकाळी त्यांना उठताच येईना. दीर आणि आत्याबाईंनी धरून पालथं केलं आणि मला हाक आली.

मी डावा पाय ठेवला. पहिल्या वेळी मी कंबरेवर ठेवला होता, या वेळी कळ खाली सरकलीय म्हणून पाय खाली, थेट माकडहाडावर ठेवला. टेकवला, थोडा भार दिला. आत्याबाई शेजारी बसून बघत होत्या.

आक्का भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "ठेव की गं पाय. कवाची वाट बघतीय."

कितीतरी दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या होत्या. आणि माझा पाय त्यांच्या अंगावर होता.

मी पाय वर सरकवला, कंबरेपर्यंत. विचारलं, आता? म्हणाल्या, हां, आता लागला. मी परत खाली नेला, या वेळी चांगला दाबला. विचारलं, आता? म्हणाल्या, उचललास की. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं, पण त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. म्हणाल्या, नस बसलीय, जोरात मार एक, सुटंल.

माझ्या आयुष्यात शेकड्यांनी पाठी आल्या असतील. त्यात ओरडणारे होते, रडणारे होते, गुदगुल्या होतात म्हणून हसणारे होते. पाय लागलेलाच न कळणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला डॉक्टरी काय कळत होती? काही नाही. पण उसण म्हणजे दुखणं, आणि इथं तर दुखायचंच थांबलं होतं. मी पाय काढून घेतला आणि खाली बसले. आत्याबाईंना पाठ करून, आक्कांच्या कानाशी लागून विचारलं, आणखी कुठं कळत नाही? मी मांडीच्या आतल्या बाजूला चिमटा काढला. हू की चू नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि ऐकू येईल न येईल असं म्हणाल्या, "काल दुपारधरनं लगवीला झाली न्हाई. लागतच न्हाई. कुणाला सांगू नगंस."

मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, मी पाय लावणार नाही, ह्यांना आत्ताच्या आत्ता शहरात मोठ्या हॉस्पिटलात न्या.

झालं, घरात एकच गलका. दीर म्हणाले, कंबरेसाठी कुणी हॉस्पिटलात जातं का? आत्याबाई तर माझ्यावरच उलटल्या. त्यांच्या मते मी अबोल्याचा डूख धरून बसले होते. बाई तळमळतीय आणि हिला पाय उचलायला होत नाही, म्हणाल्या. भाडेकरू पोरं दारात येऊन उभी राहिली. मी सांगायचा प्रयत्न करत होते, की अहो त्यांना खालचं काही कळत नाही. पण बाकीचं तोंडातून निघेना. आक्कांनी मनगट धरून सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस. दारात ती पोरं, समोर थोरले दीर, ज्यांच्याशी मी इतक्या वर्षांत डोक्यावरचा पदर सारखा केल्याशिवाय एक वाक्य बोलले नव्हते. त्यांच्यासमोर त्यांच्या बायकोच्या लघवीचं कसं काढायचं?

शेवटी दिरांनी जीप काढली. मला वाटलं, सुटले. मागं फळीवर गोधड्या अंथरून आक्कांना झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. आत्याबाई पुढं बसल्या. गाडी मारुंजीवरून हिंजवडीच्या रस्त्याला लागली तेव्हा पुढचं बोलणं माझ्या कानावर आलं. दीर पौडच्या बाजूला निघाले होते. तिकडे एकजण मणके बसवायचा. माणसाला उलटं टांगून ओढायचा, पाठीवर गुडघा द्यायचा, आणि म्हणे चालत घरी पाठवायचा. धाकली लाथ मारत नसली तर तो मारंल, आत्याबाई म्हणाल्या.

मी आक्कांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. त्यांची लेकरं शाळेत गेली होती, धाकट्याच्या शर्टाची बटणं अजून आक्काच लावत होत्या. मी हळूच म्हटलं, आक्का, मी सांगते आता. त्यांनी मान हलवली, नको. मी म्हटलं, तो पाठीवर गुडघा देईल. परत मान हलवली. त्यांना मरण चाललं असतं, लाज नको होती. माझं डोकं सरकलं.

हिंजवडीच्या चौकात गाडी थांबली. एक रस्ता घोटवड्यावरून पौडला, दुसरा शहराकडे. समोरून कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली होती आणि दीर वळायला जागा बघत होते. मी मागून सरळ त्यांना हाक मारली आणि म्हटलं, "दादा, आक्कांची लघवी कालपासून बंद हाय. कंबरेखाली हात लावलेला त्यांना कळत न्हाई. तिकडं नेलंत तर त्या परत उठणार न्हाईत."

आक्कांनी माझ्या दंडात नखं रुतवली. दीर समोर बघत राहिले, कानापर्यंत लाल झालेले. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, मग त्यामागच्यानं. मला वाटलं, आता हा माणूस मला खाली उतरवतो.

आत्याबाईंनी मागं वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, सुनेकडे. विचारलं, व्हय गं? आक्कांनी तोंडावर पदर ओढून घेतला. तेवढंच उत्तर. आत्याबाई पुढं वळल्या आणि लेकाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "शहरात घे. बघत काय बसलास, घे की."

पुढचा रस्ता कसा गेला ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक खड्ड्याला मी आक्कांची कंबर दोन्ही हातांनी धरत होते आणि त्या एकदाही ‘आई गं’ म्हणत नव्हत्या. एरवी माणूस देवाला म्हणतो दुखणं घालव. मी म्हणत होते, दुखू दे रे बाबा हिला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सुईनं टोचून पाहिलं, पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला, तो अर्धाच आला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, मणक्यातली गादी सरकून खालच्या सगळ्या नसांवर बसलीय. साध्या कंबरदुखीला मी कुणाला कापत नाही, शंभरातल्या बहुतेकांना घरी पाठवतो, चाला-फिरा म्हणून सांगतो. पण लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, की थांबायचं नसतं. आजच ऑपरेशन. पाय वाचतील असं वाटतं, लघवीचं मात्र मी आत्ता वचन देत नाही. दिरांनी विचारलं, म्हणजे कायमचं? डॉक्टर म्हणाले, कधी कधी नळी कायमची राहते.

दीर सही करायला गेले तेव्हा मी डॉक्टरांच्या मागं गेले. कुणी ऐकत नाही ना बघून विचारलं, मी पायाळू, मी पाय लावला होता, त्यानं तर झालं नाही? ते थबकले. मला वाटलं हसतील. नाही हसले. विचारलं, किती जोरात? मी तिथंच फरशीवर पाय टेकवून दाखवला. म्हणाले, एवढ्यानं हे होत नाही. हे ओझ्याचं काम आहे. पण कुणी जोरात लाथ मारली असती, तर मी काही सांगू शकलो नसतो.

ऑपरेशन झालं. पाय हलले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वॉकर धरून आक्का पलंगापासून खिडकीपर्यंत गेल्या आणि आल्या, आणि दीर बाहेर जाऊन रडून आले. पण कॉटला ती लघवीची पिशवी लटकत होती. आक्का कुणी भेटायला आलं की तिच्यावर चादर ओढायच्या. माझ्याशी बोलत होत्या, पण डोळ्याला डोळा देत नव्हत्या. चौकात मी बोलले ते त्यांनी ऐकलं होतं, आणि ते विसरायला त्यांना वेळ लागणार होता. मी म्हटलं, लागू दे.

मग एका सकाळी नळी काढली. सिस्टर म्हणाली, पाणी प्या, दुपारपर्यंत आपोआप झाली तर ठीक, नाहीतर परत घालावी लागेल आणि घरी तसंच जावं लागेल. ‘तसंच’ या शब्दावर आक्कांनी डोळे मिटले.

त्या दिवशी आमचं अख्खं घर एका बाईच्या लघवीची वाट बघत बसलं होतं. मालक रजा टाकून आले. दीर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. आक्का पेल्यामागं पेला पाणी प्यायल्या. एकदा संडासात नेलं, नाही. थोड्या वेळानं परत नेलं, नाही. आक्का म्हणाल्या, लागल्यासारखं वाटतंय पण सुटत न्हाई. पोट फुगत चाललं. जेवणाच्या गाड्या येऊन गेल्या. सिस्टर ट्रे घेऊन दारातून डोकावून गेली, त्या ट्रेत काय होतं ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

मी आक्कांना उठवलं. म्हटलं, चला, अजून एकदा. त्या म्हणाल्या, राहू दे, माझ्यात ताकद न्हाई. मी म्हटलं, उठता की उचलू? गुडघ्यात बसून, पोटाशी धरून उचलीन, मला येतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की चौकातल्या दिवसानंतर प्रथमच त्यांच्या डोळ्यांत जुनी आक्का दिसली. उठल्या.

संडासात मी त्यांना काखेतून धरून बसवलं आणि पाठ करून उभी राहिले. दार अर्धं लोटलेलं. नळ सोडला. काही नाही. नळ बंद केला, परत सोडला. काही नाही. आक्कांचे खांदे हलायला लागले, त्या रडत होत्या.

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला. शूऽऽ... शूऽऽ... मला आधी कळेचना. आत्याबाई होत्या. दाराला टेकून बाहेर फरशीवर बसल्या होत्या, आणि तान्ह्या पोराला पायावर धरून बायका करतात तसं करत होत्या. शूऽऽ... शूऽऽ... वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जात असणार. आक्का रडता रडता एकदम थांबल्या आणि त्यांना हसू फुटलं, ओलं, हुंदक्यातून आलेलं हसू, आणि त्या हसण्यातच मला तो आवाज ऐकू आला. आधी थेंब. मग धार.

आक्कांनी मागून माझा पदर मुठीत धरला. मी दारातून म्हटलं, "आत्याबाई, झाली."

"गप," त्या म्हणाल्या, "समदी हू दे." आणि रडत रडत त्यांनी शूऽऽ चालूच ठेवलं.